पट्ट्यावरची फुंकर

१

अख्ख्या चिंचपोकळीत इंकजेट प्रिंटर पहिला कोणी चालू केला असेल तर तो मी, चंदू, माहीमचा कोळी, शिक्षण चौथी. चालू केला म्हणजे बटण मी दाबलं. कुठलं दाबायचं त्यावर रामदास मेकॅनिक बोट ठेवून उभा होता, तरी मी शेजारचं दाबलं आणि शाईची पहिली पिचकारी शामराव शेठच्या पांढऱ्या सफारीवर गेली. पोटावर पॅकिंगची तारीख उमटली. मी म्हटलं, शेठ, माल ताजा आहे, खराब कधी होणार तेवढं यायचं राहिलं. बायका हसल्या. शेठ हसला नाही.

ही गोष्ट गिरण्यांच्या संपानंतर दहा-बारा वर्षांनी घडलेली. संप मागे घेतल्याचं मला अजून कोणी येऊन सांगितलेलं नाही, तेव्हा कायद्याने मी आजही संपावरच आहे. पण मधल्या काळात माणसाला जेवावं लागतं. बायको गुणवंती मच्छी विकून घर ओढत होती आणि मला रोज ऐकवत होती की बाजारातली मांजरंसुद्धा काहीतरी काम करतात. म्हणून मी शामरावच्या मसाल्याच्या गाळ्यात लागलो.

गाळा आमच्याच बंद मिलच्या मागच्या अंगाला, मालकाने भाड्याने दिलेल्या जागेत. जागा कुठली, तर जुनं फोल्डिंग खातं, जिथे मी आणि माझा दोस्त बुधाजी समोरासमोर उभे राहून कापडाच्या ताग्यांवर मिलचा छापा मारायचो. तेच करवतीच्या दातांसारखं छप्पर, तेच लोखंडी खांब. शेठने मधे प्लायवूड ठोकून ऑफिस काढलं होतं. पहिल्या दिवशी मी त्यावर टकटक करून विचारलं, मुकादम आहेत का आत? शेठला विनोद कळत नाही हे मला तेव्हाच कळलं.

काम साधं. बायका मसाला भरायच्या, कांतावहिनी पाकिटांची तोंडं गरम पट्टीखाली चिकटवायची, पाकिटं रबरी पट्ट्यावर आडवी पडून माझ्याकडे यायची आणि मी ती खोक्यात भरायचो. ही कांतावहिनी म्हणजे बुधाजीची बायको. मग दादरच्या एका मोठ्या दुकानाने कळवलं की प्रत्येक पाकिटावर तारीख मशीनने छापलेली पाहिजे, हाताचा शिक्का चालणार नाही. शेठने कुठूनतरी सेकंडहँड मशीन उचललं आणि मला म्हणाला, तू छापेवाला होतास ना, तूच बघ.

२

मशीन म्हणजे एक कपाट, त्यातून निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला मुंडी. मुंडीच्या अलीकडे पट्ट्याला लावलेला काचेचा डोळा. डोळ्यासमोरून पाकीट गेलं की मुंडी शाईचे बारीक थेंब फेकते, पाकिटाला न शिवता. शाई पडता पडता वाळते. नखपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास येतो. मी रामदासला म्हटलं, हा छापेवाला फारच सोवळा दिसतो, मालाला शिवत नाही.

रामदास नायगावचा, कांतावहिनीच्याच समाजातला, वयाने चाळिशीकडे झुकलेला. पाना खाली न ठेवता म्हणाला, काका, न शिवता काम भागवणारे आमच्या आजोबांनी बरेच बघितलेत, त्यात नवीन काय. मला गप्प बसवणारे थोडे आहेत, त्यातला एक तो आणि एक बुधाजी.

बुधाजीची एक खोड होती. त्याच्या बापाला त्या काळात विणाईखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा आणि त्याच्या जातीचं तोंड लागलेला धागा बाकीच्या कामगारांना चालायचा नाही. बाप जन्मभर कताईत राहिला. बुधाजी फोल्डिंगला आला आणि छापा मारायच्या आधी प्रत्येक ताग्याच्या कोपऱ्यावर फुंकर मारायला लागला. कापसाचं तूस उडावं म्हणून, असं मुकादमाला सांगायचा. मला सांगायचा ते वेगळं. गालात तंबाखू सरकवून म्हणायचा, चंदू, बापाला तोंड लावू दिलं नाही, आता माझी फुंकर खाऊन माल बाहेर जातो. नेसू दे अख्ख्या मुंबईला.

तारीख काही पाकिटावर टिकेना. रामदासने मुंडी धुतली, शाई बदलली, मुंडी खाली घेतली, पट्ट्याचा वेग कमी केला. तारीख झकास उमटायची आणि अंगठा लावला की जायची. शेवटी त्याने दुखणं शोधलं. हवेत मसाला उडतो, पाकिटावर त्याची पूड बसते, शाई पुडीवर पडते, पूड झटकली की तारीख गेली. मुंडीच्या आधी वाऱ्याचा एक झोत पाहिजे. तसं यंत्र मिळतं.

शेठ म्हणाला, फुंकर मारायला यंत्र? चंदू काय करतो मग?

३

सोमवारी सकाळी तारीख टिकली.

मी पाकीट अंगठ्याने घासलं, शर्टाच्या बाहीने घासलं. तारीख तशीच. पुढचं घेतलं, तेही तसंच. शेठला हाक मारून सगळं श्रेय घ्यायच्या तयारीत होतो, तेवढ्यात पाकीट तिरकं करून उजेडात धरलं.

पाकिटावर नेहमीसारखी तांबूस पूड होती. फक्त तारखेच्या जागी एक गोल स्वच्छ होता. पुसल्यासारखा नाही. पुसलं की फरकाटे उठतात, बोटांचे माग राहतात. इथे कडा मऊ होत गेल्या होत्या आणि पूड कडेला सरकून बसली होती. चुलीच्या तोंडाशी राख फुंकली की होते तशी.

मी पट्ट्याखाली वाकून बघितलं, पंखा नाही. मुंडीच्या मागे नळी नाही. छपराचं एक तावदान फुटलेलं होतं, तिथून वारा येत असणार म्हणून शिडी लावून गोणपाट कोंबलं. खाली उतरलो. पाकिटावर गोल. मग वाटलं, पट्टा फिरतो त्याचा वारा. पट्टा बंद केला, मुंडीखाली आलेल्या पाकिटावर चिमूटभर हळद भुरभुरवली आणि नाक पाकिटाला लावून बसलो.

गाळ्यात आवाज कमी नव्हते. बायका बोलत होत्या, मशीनच्या पोटात पंप घुर्र करत होता, बाहेर कोणीतरी पत्रे उतरवत होतं. तरीही मला ऐकू आलं. ओठ आवळून सोडलेला छोटा श्वास. हळद सरकली. मधे गोल झाला.

मी नाक मागे घेतलं. माझ्या मिशीला हळद लागली होती. त्या श्वासाला तंबाखूचा वास होता आणि मी आयुष्यात तंबाखू खाल्लेली नाही. ताडी घेतो, ते वेगळं.

पहिला विचार काय आला सांगू? कोणीतरी माझी मस्करी करतंय. जन्मभर लोकांच्या डब्यात खेकडे सोडलेला माणूस मी. कोणीतरी परतफेड करणारच. बायकांनाही तेच वाटलं, फक्त उलट्या बाजूने. सगळ्या म्हणाल्या, हे चंदूचंच काहीतरी असणार. रामदास आला, तारीख घासून बघितली, खूष झाला आणि म्हणाला, झोत कुठून बसवलात? मी म्हटलं, बसवलाच नाही. तो म्हणाला, काका, बास आता, मला मशीद बंदरला जायचंय. आणि गेला.

एकट्या कांतावहिनीने मान वर केली नाही. ती गरम पट्टी दाबत होती.

४

तिचं काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बुधाजी संपाच्या दुसऱ्या वर्षी गेला. मेला असं नाही म्हणत मी. गेला. बरेच महिने घरी बसून होता. एका सकाळी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, रिकामा डबा पिशवीत टाकला आणि पाळीला जातो म्हणाला. वहिनीला वाटलं, मिल चालू झाली. मिलच्या गेटला कुलूप होतं. त्यानंतर त्याला कोणी बघितला नाही. आम्ही इस्पितळं बघितली, शिवडीचा किनारा बघितला, महाडजवळचं त्याचं गाव बघितलं. मी माहीमच्या खाडीत होड्यासुद्धा फिरवल्या. कोळ्याला पाण्यात माणूस शोधता येतो. नाही सापडला.

आता त्याची पोरगी चंपा लग्नाला आली होती. स्थळ चांगलं होतं, मुलगा बेस्टमध्ये होता. गिरगावातल्या प्रेसला पत्रिका द्यायची होती आणि अडलं होतं एका शब्दाशी. वहिनीच्या समाजात हयात माणसाच्या नावापुढे आयुष्मान लावतात, गेलेल्याच्या नावापुढे कालकथित. मुलाकडचे विचारत होते, बापाच्या नावापुढे काय छापायचं. चंपा म्हणत होती, आई, काय ते एकदा ठरव. वहिनीचा भाऊ म्हणत होता, एवढी वर्षं झाली, आता कालकथितच लिहायचं. वहिनी म्हणत होती, मी त्यांना मेलेलं बघितलेलं नाही, न बघता कसं लिहू?

तिने घरात त्याचा फोटो लावलेला नव्हता. फोटो लावला की हार आला. मंगळवारी प्रेसवाल्याचा निरोप आला. उद्यापर्यंत मजकूर दिला नाही तर पत्रिका लग्नाच्या आधी मिळणार नाही.

मी तिला थोडं हसवायला गेलो. म्हटलं, वहिनी, दोन्ही लिही, ज्याला जे पटेल ते वाचेल. ती हसली नाही. तिने पुढचं पाकीट गरम पट्टीखाली सरकवलं.

५

बुधवारी मी सापळा लावला.

माझं डोकं असं चाललं. फुंकर आहे म्हणजे तोंड आहे. तोंड आहे म्हणजे नाक आहे. नाक आहे म्हणजे मिरची लागणार. लवंगी मिरचीची वस्त्रगाळ पूड घेतली, जी आम्ही स्वतः तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हाताळत नाही, आणि पाच-सहा पाकिटांवर तारखेच्या जागी चिमूट चिमूट ठेवली. जो फुंकेल तो शिंकेल. मग तो शेठ असो, रामदास असो, नाहीतर प्लायवूडमागे लपलेली एखादी बाई असो. डोळे चोळत बाहेर येईल आणि वर्षभर मी त्याला सोडणार नाही. मला इतकं हसू येत होतं की पूड सांडत होती.

जेवणाची सुट्टी होती. बायका डबे घेऊन बाहेर आवारात गेल्या होत्या. शेठ घरी गेला होता. कांतावहिनी तेवढी आपल्या स्टुलावर बसून होती, डबा उघडून मांडीवर ठेवलेला, जेवत नव्हती. मी तोंडाला फडकं बांधलं आणि पट्टा चालू केला.

पहिलं पाकीट मुंडीखाली गेलं. मिरची उडाली.

आणि खोकला आला.

मसाल्याच्या गाळ्यात खोकल्याचं कौतुक नसतं, दिवसभर सगळे ठसकत असतात. पण मिरचीचा ठसका नाकातोंडातून फुटतो आणि डोळ्यांतून संपतो. हा तसा नव्हता. हा खालून येत होता, चाळणीतून वाळू पडावी तसा, आणि प्रत्येक उबळीच्या शेवटी बारीक शिट्टी. हा तुसाचा खोकला होता. मिलमध्ये ज्याच्या छातीत कापूस बसला त्याचा खोकला. या गाळ्यात आता कापसाचा धागासुद्धा नव्हता.

दुसरं पाकीट गेलं. त्याने पुन्हा फुंकलं.

मिरची आहे हे त्याला कळलं असणार. पहिल्याच पाकिटाला कळलं असणार. तरी तिसऱ्यालाही फुंकलं. खोकत होता आणि पाकीट आलं की खोकला दाबून फुंकत होता, माल छापल्याशिवाय पुढे जाऊ नये म्हणून.

मी धावत जाऊन पट्टा बंद केला. पट्टा थांबला. खोकला थांबेना.

६

छपराच्या दुसऱ्या तावदानातून उन्हाची एक तिरीप मुंडीच्या पलीकडे पडायची. उडालेली मिरची त्या उन्हात तरंगत होती, लाल, बारीक. अशी पूड हळूहळू खाली बसते, सगळीकडे सारखी.

ती सगळीकडे बसत नव्हती. मधे एक जागा होती जिथे ती शिरत नव्हती. मी म्हणतो जागा, पण तिला वाक होता. वर अरुंद, मग रुंद, मग पुढे झुकलेली. पट्ट्याच्या कडेवर चार बोटं टेकवावीत तेवढ्या भागावर लाल पूड नव्हती, बाजूला होती. खोकल्याची उबळ आली की ती रिकामी जागा हलायची आणि भोवतीची पूड फिरायची.

चेहरा मी बघितला नाही. बघायला गेलो नाही. मी खांबाला पाठ लावून उभा होतो आणि मला एवढंच सुचत होतं की तोंडावरचं फडकं काढून त्याला द्यावं.

वहिनी उठली. घाई केली नाही. डब्यातून गुळाचा खडा घेतला. मिलच्या दिवसांत तुसाला गूळ खायचे, छाती मोकळी होते म्हणून. घरोघरी बायका डब्यात एक खडा टाकायच्या. पण संप होऊन इतकी वर्षं झाल्यावर आता कोण टाकतं? तिने खडा तळहातावर ठेवला, पट्ट्याच्या पलीकडे हात लांब केला आणि तसाच धरून राहिली. तिच्या मनगटावर, बांगड्यांवर लाल पूड बसत होती. ती डोळे मिटत नव्हती, त्यातून पाणी वाहत होतं. मिरचीचं असेल.

खोकला उतरत गेला. शिट्टी लांबली, बारीक झाली. मग फक्त पंपाचा आवाज.

तिने हात मागे घेतला. गूळ होता तसाच होता. तळहात मनगटापर्यंत लाल झाला होता. गुळावर मात्र पुडीचा एक कण नव्हता.

७

तिने पदराने हात पुसला. मी पट्ट्यावरची उरलेली मिरची ओल्या फडक्याने टिपून घेतली. पाकिटं बाजूला काढली. गुणवंतीने त्या वेळी मला बघितलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

शेवटी मी म्हटलं, "वहिनी, मिरची मी टाकली."

"माहीत आहे."

"मला वाटलं कोणी माझी मस्करी करतंय."

"तुमची कशाला करतील ते," ती म्हणाली. "कामाच्या वेळी त्यांनी कधी केली का?"

मी विचारलं, तुला कधी कळलं. सोमवारीच, म्हणाली. तोंड फाटलं म्हणून एक पाकीट तिच्याकडे परत गेलं होतं, त्यावर तिने गोल बघितला. तिने तसे गोल पूर्वी बघितले होते. मिलमधून नुकसानीचा माल घरी यायचा, त्यावर तूस असायचं आणि छाप्याच्या जागी नसायचं. तेव्हापासून ती रोज गूळ आणत होती आणि द्यायची हिंमत होत नव्हती, कारण दिला आणि घेतला तर मग काय समजायचं?

बाहेरून बायकांचे आवाज जवळ येत होते. कोणीतरी नळावर डबे घासत होतं. प्रेसचा माणूस संध्याकाळी यायचा होता. मला कळत होतं की आता हे मीच बोललं पाहिजे. दुसरं कोणी हे बघितलेलं नाही, आणि माझ्यासारख्याने नंतर कुठे सांगितलं तर लोक पोट धरून हसतील.

मी म्हटलं, वहिनी, तू म्हणत होतीस ना, बघितल्याशिवाय कसं लिहू. आता बघितलंस. हयात माणूस आपल्या घरी येतो, दार वाजवतो, जेवायला मागतो. असा येत नाही. पोरीचं लग्न आहे, मुलाकडचे थांबलेत. मी रामदासला सांगून मशीन बुधाजीच्या जागेवरून पलीकडच्या भिंतीला हलवतो, म्हणजे त्यालाही सुटता येईल. आणि संध्याकाळी प्रेसवाला आला की त्याला सांग.

मग तो शब्द उच्चारला, कारण कोणीतरी उच्चारायला पाहिजे होता. "कालकथित लिही, वहिनी."

गुळाचा खडा तिने मुंडीशेजारी, पट्ट्याच्या लोखंडी कडेवर ठेवला, जिथे कामावरच्या माणसाचा हात सहज पोचेल. मग स्टुलावर जाऊन बसली आणि गरम पट्टीचं बटण चालू केलं.

"दीड वर्ष घरी बसले होते," ती म्हणाली. "सकाळ झाली की गुडघ्यावर मूठ आपटत राहायचे, छापा मारल्यासारखी, दिवस मावळेपर्यंत. तेव्हा मेले होते ते, भावजी. तेव्हा तुमच्यापैकी कोणी म्हणालं नाही, कालकथित लिही म्हणून. आता कामाला लागलेत, तर आता लिहू?"